सेवेच्या पॅकेजमधील कॉन्फिगरेशन: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

संदेश पुढे पाठवणाऱ्या आमच्या सेवेचे पॅकेज कॉन्फिगरेशन कसे हाताळते, ते आजपासून मुळातून पुन्हा बांधायला घेतले. ही सेवा पार्श्वभूमीत चालते, नेटवर्कवरून आलेले संदेश साठवते आणि ठरवून दिलेल्या पत्त्यांकडे पाठवते. लिनक्सच्या डेबियन घराण्यातील वितरणांसाठी तिचे डेब पॅकेज आणि फेडोरा घराण्यातील वितरणांसाठी आरपीएम पॅकेज तयार होते. दोन्हींतून '/ईटीसी' या यंत्रभरच्या सेटिंगच्या डिरेक्टरीखाली एकच फाइल जाते आणि पोर्ट, साठवणुकीची जागा, लॉगची पातळी, डेटाबेसचा पासवर्ड असे सगळे काही तिच्यातच असते.

आलेल्या तक्रारी दोन प्रकारच्या आहेत. आरपीएम वापरणारे प्रशासक सांगतात की अपग्रेडनंतर त्यांनी केलेले बदल लागू राहत नाहीत आणि सेवा मूळ पोर्टवर सुरू होते. डेब वापरणाऱ्यांचे बदल शाबूत राहतात, पण प्रत्येक अपग्रेड मध्येच थांबून प्रश्न विचारतो, आणि रात्री आपोआप चालणारी अपग्रेडे त्या प्रश्नापाशी अडून बसतात. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे या फाइलमधली कोणती ओळ पॅकेजची आणि कोणती प्रशासकाची, हे कधी ठरवलेलेच नाही.

कामाला पाया हवा म्हणून एक नियम लिहून ठेवला: प्रशासकाने लिहिलेली ओळ पॅकेज त्याच्या संमतीवाचून बदलणार नाही, पुसणार नाही आणि निष्प्रभही करणार नाही. तिसरा भाग मुद्दाम जोडला आहे, कारण फाइल जागच्या जागी ठेवून ती वाचणेच बंद केले, तर प्रशासकाच्या दृष्टीने ती गेल्यातच जमा असते. डेबियनच्या धोरणाचे १०.७ हे कलम याच दिशेचे आहे. अपग्रेडच्या वेळी स्थानिक बदल जपले पाहिजेत आणि पॅकेज नुसते काढले तर कॉन्फिगरेशन मागे राहिले पाहिजे, ते 'पर्ज' केल्यावर, म्हणजे पॅकेज समूळ काढल्यावरच जावे, असे ते सांगते.

५ फेब्रुवारी

डेब पॅकेज बसवणारे साधन डीपीकेजी निर्णय कसा घेतो ते कोऱ्या आभासी यंत्रावर एकेक स्थिती उभी करून तपासले. पॅकेजमध्ये ज्या फाइलवर कॉन्फफाइल (जपायची कॉन्फिगरेशन फाइल) अशी नोंद असते, तिच्या मूळ मजकुराचा एमडी५ ठसा (मजकूर बदलला की बदलणारी छोटी खूण) डीपीकेजी आपल्या 'स्टेटस' फाइलमध्ये जपून ठेवतो. अपग्रेडच्या वेळी त्याच्यासमोर तीन गोष्टी असतात: मागच्या आवृत्तीने दिलेल्या फाइलचा ठसा, डिस्कवर आत्ता असलेली फाइल, आणि नव्या आवृत्तीतली फाइल. प्रशासकाने काहीच बदलले नसेल तर नवी फाइल निमूट बसते. प्रशासकाने बदल केला पण पॅकेजमधली फाइल जुनीच राहिली असेल तर प्रशासकाची फाइल निमूट राहते. दोघांनीही बदल केला असेल तेव्हाच प्रश्न येतो, आणि नुसते एंटर दाबले तर प्रशासकाची फाइल टिकते व नवी तिच्याशेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' या शेपटीने ठेवली जाते. नवी स्वीकारली तर जुनी '.डीपीकेजी-ओल्ड' होते.

दोन बारकावे नोंदवून ठेवण्यासारखे आहेत. प्रशासकाने कॉन्फफाइल पुसून टाकली असेल तर डीपीकेजी तो त्याचा जाणीवपूर्वक केलेला बदल मानतो आणि साधी पुनर्स्थापना करूनही ती परत आणत नाही. त्यासाठी 'फोर्स-कॉन्फमिस' हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. फाइल हटवणे हीसुद्धा एक निवड आहे हे साधनाने ओळखावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसरा बारकावा असा की फाइलच्या जागी प्रशासकाने सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) ठेवली असेल तर डीपीकेजी तिच्या मागे जाऊन मूळ फाइलवर काम करतो, लिंक मोडत नाही. आपल्या स्क्रिप्टनेही तेच पाळले पाहिजे.

आता प्रत्येक अपग्रेडमध्ये येणाऱ्या प्रश्नाचे कारण उघड झाले. आमच्या फाइलच्या डोक्यावर आवृत्तीचा क्रमांक आणि प्रकाशनाची तारीख असलेली एक टिप्पणी असते, आणि बांधणीच्या वेळी ती आपोआप बदलते. एकही सेटिंग बदलली नाही तरी ठसा बदलतो, डीपीकेजीला पॅकेजकडून नवा मजकूर आलेला दिसतो, आणि ज्याने आयुष्यात एकदा पोर्ट बदलले त्याला दर वेळी प्रश्नाला सामोरे जावे लागते.

६ फेब्रुवारी

ती टिप्पणी काढली. बांधणीत एक तपासणीही जोडली: मागच्या प्रकाशनातील कॉन्फिगरेशन फाइल आणि नवी फाइल यांच्यात फरक आढळला, आणि त्या फरकाचे कारण बदलांच्या नोंदीत लिहिलेले नसेल, तर बांधणी थांबते.

१० फेब्रुवारी

आरपीएमचा विचार वेगळा करावा लागतो, कारण आरपीएम इन्स्टॉलच्या वेळी प्रश्न विचारतच नाही. ही रचना जाणूनबुजून तशी आहे, आणि शेकडो यंत्रांवर एकाच वेळी अपग्रेड चालवणाऱ्याच्या दृष्टीने ती रास्तही आहे. मात्र त्यामुळे निर्णयाचा सारा भार पॅकेज बांधणाऱ्यावर येतो. पॅकेजची बांधणी सांगणाऱ्या स्पेक फाइलमध्ये नुसती 'कॉन्फिग' खूण असेल आणि दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल, तर नवी फाइल लागू होते आणि प्रशासकाची फाइल '.आरपीएमसेव्ह' नावाने बाजूला जाते. 'कॉन्फिग' सोबत 'नोरिप्लेस' लिहिले असेल तर प्रशासकाची फाइल जागेवर राहते आणि नवी '.आरपीएमन्यू' नावाने शेजारी येते. आमच्या स्पेकमध्ये पहिला प्रकार आहे. म्हणजे लोकांचे बदल नष्ट झाले नव्हते, ते शेजारीच पडून होते. पण सेवा भलत्या पोर्टवर सुरू झाल्यावर शेजारची फाइल पाहण्याचे कोणाला सुचणार?

'नोरिप्लेस' लावणे ही एका शब्दाची दुरुस्ती आहे, पण तिच्यासोबत एक बंधन येते. नव्या आवृत्तीने एखादी सेटिंग सक्तीची केली, तर जुन्या फाइलमध्ये ती नसल्यामुळे अपग्रेडनंतर सेवा उभीच राहणार नाही. म्हणून कोड लिहिणाऱ्या चमूशी बोलून असे ठरवले की यापुढे येणाऱ्या प्रत्येक सेटिंगला कोडमध्येच मूळ मूल्य असेल, आणि ते मूल्य मागच्या आवृत्तीचे वर्तन जसेच्या तसे ठेवणारे असेल. कॉन्फिगरेशनची सुरक्षितता पॅकेजच्या खुणांवर जितकी अवलंबून आहे त्याहून अधिक या शिस्तीवर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुलनेसाठी इतरांचेही पाहिले. आर्च वितरणाचा पॅकेज मॅनेजर पॅकमन 'बॅकअप' यादीतील फाइलींबाबत जवळपास हाच विचार करतो आणि '.पॅकन्यू' फाइल ठेवतो. ती जुळवायला 'पॅकडिफ' आहे. जेंटू वितरण तर संरक्षित डिरेक्टरींची यादीच ठेवते, त्यांत येणारी नवी फाइल थेट न बसवता वेगळ्या नावाने ठेवते, आणि ती स्वीकारायची की नाही हे 'डिस्पॅच-कॉन्फ' चालवून प्रशासक आपल्या सवडीने ठरवतो. मार्ग निरनिराळे असले तरी प्रशासकाचा मजकूर हरवू नये ही काळजी सगळीकडे दिसते.

१४ फेब्रुवारी

आज पॅकेज बसल्यानंतर चालणारी पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट हाती घेतली. सध्या ती डेबकॉन्फ या डेबियनच्या प्रश्न विचारणाऱ्या साधनामार्फत यंत्राचे नाव आणि पासवर्ड विचारते आणि मिळालेली उत्तरे 'सेड' ही मजकूर बदलणारी कमांड वापरून '/ईटीसी' मधल्या त्याच फाइलमध्ये लिहिते. ही फाइल कॉन्फफाइलही आहे. डेबियनचे धोरण या दोन गोष्टी एकत्र करू देत नाही, आणि त्यामागचे कारण ठोस आहे: स्क्रिप्टने ओळ बदलताच डीपीकेजीच्या लेखी ती फाइल प्रशासकाने बदललेली ठरते, त्यामुळे ज्याने तिला कधी हातही लावला नाही त्यालाही पुढच्या अपग्रेडमध्ये प्रश्न येतो. प्रश्न पाहून तो गोंधळतो, कारण विचारलेल्या बदलाची त्याला कल्पनाच नसते.

पर्याय तीन होते. पहिला यूसीएफ या कॉन्फिगरेशन फाइल बसवणाऱ्या साधनाचा. फाइल कॉन्फफाइल न ठेवता स्क्रिप्टने तयार करायची आणि ती बसवण्याचे काम यूसीएफकडे सोपवायचे. डीपीकेजीसारखाच प्रश्न तो विचारतो, शिवाय मागच्या आवृत्तीची प्रत जपून ठेवायला सांगितले तर तिन्ही बाजू जुळवून एकत्र केलेली फाइलही देऊ शकतो. दुसरा पर्याय डेबकॉन्फ चालू ठेवून स्क्रिप्ट सुधारण्याचा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी की डेबकॉन्फमधली उत्तरे हे सेटिंगचे कायमचे भांडार नव्हे. प्रशासकाने फाइल हाताने बदलली असेल तर फाइल खरी आणि डेबकॉन्फमधले उत्तर जुने, म्हणून प्रश्न विचारण्याआधी स्क्रिप्टने फाइल वाचून त्यातले मूल्य डेबकॉन्फमध्ये भरले पाहिजे. आमची स्क्रिप्ट तसे करत नाही, आणि म्हणून हेच प्रश्न पुन्हा विचारणारी 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' कमांड चालवताच हाताने घातलेले यंत्राचे नाव पुसले जाते. तिसरा पर्याय प्रश्नच काढून टाकण्याचा.

तिसरा स्वीकारला. यंत्राचे नाव सेवा स्वतः ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेऊ शकते. पासवर्डसाठी एक वेगळी फाइल असेल. ती पॅकेजमध्ये नसेल, पोस्टइन्स्ट ती केवळ नसेल तेव्हाच तयार करील, आणि असेल तर तिच्याकडे पाहणारही नाही. फाइल तयार होण्यापूर्वीच उमास्क (नव्या फाइलच्या परवानग्या मर्यादित करणारी सेटिंग) घट्ट केला जाईल, म्हणजे पासवर्ड लिहिला गेला पण परवानगी अजून बदलायची आहे असा उघडा क्षण मध्ये राहणार नाही. मालकी रूट (मुख्य प्रशासक खाते) आणि सेवेचा गट, परवानगी ०६४०, म्हणजे मालकाला वाचणे-लिहिणे, गटाला फक्त वाचणे, इतरांना काहीच नाही. प्रशासकाने पुढे परवानगी बदलली तर ती त्याची मर्जी. अपग्रेड ती मागे फिरवणार नाही.

१९ फेब्रुवारी

मुख्य रचनेवर आज दिवसभर चर्चा झाली. प्रस्ताव असा की मूळ मूल्यांची संपूर्ण फाइल '/यूएसआर/लिब' खाली जावी, ती सर्वस्वी पॅकेजची असावी आणि दर अपग्रेडला बिनदिक्कत बदलावी. '/ईटीसी' मात्र प्रशासकाचे असावे, आणि तिथे त्याने फक्त आपल्याला वेगळ्या हव्या असलेल्या ओळी लिहाव्यात. यंत्रावरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने ही पद्धत रुळवली आहे: युनिट (सेवेचे वर्णन करणारी फाइल) '/यूएसआर/लिब' मध्ये, त्याच नावाची फाइल '/ईटीसी' मध्ये असेल तर ती वरचढ, आणि '.डी' ने संपणाऱ्या डिरेक्टरीत छोट्या पूरक फाइली. ओपनसुसे वितरणाने तर वितरकाची कॉन्फिगरेशन '/यूएसआर/ईटीसी' कडे हलवण्याचे धोरण घेतले आहे. या रचनेत पॅकेज आणि प्रशासक एकाच फाइलमध्ये लिहीतच नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या बहुतेक तक्रारींना जागाच उरत नाही.

वाद झाला तो वाचनाच्या क्रमावर, आणि तो व्हायलाच हवा होता. एकच सेटिंग दोन फाइलींत आली तर कोणती धरायची याचा लिनक्सवर एकच रिवाज नाही. कर्नलच्या सेटिंग ठरवणाऱ्या सिसकंट्रोलच्या फाइली नावाच्या क्रमाने लागतात आणि नंतर आलेले मूल्य टिकते. दूरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर उलट वागतो. तो पहिले सापडलेले मूल्य धरतो, आणि म्हणूनच डेबियनच्या मुख्य फाइलमध्ये पूरक डिरेक्टरी वाचणारी ओळ सुरुवातीलाच असते. '९९' ने सुरू होणारी फाइल ठेवली की आपलेच मूल्य लागणार, असे गृहीत धरणारा प्रशासक तिथे फसतो. आम्ही नंतरचे मूल्य टिकण्याचा नियम घेतला आणि तो मॅन पानाच्या (सेवेच्या माहितीपानाच्या) पहिल्याच परिच्छेदात लिहिला. याद्यांचा प्रश्न वेगळा आहे: पत्त्यांच्या यादीत पूरक फाइलने भर घालायची की यादीच बदलायची? सिस्टमडीप्रमाणे भर घालणे हे मूळ वर्तन ठेवले, आणि आधीची यादी रिकामी करायची असेल तर त्या सेटिंगला रिकामे मूल्य द्यायचे.

पूरक डिरेक्टरीतून केवळ '.कॉन्फ' ने संपणाऱ्या फाइलीच वाचल्या जातील. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण त्याच्याशिवाय पॅकेज मॅनेजरने शेजारी ठेवलेली '.डीपीकेजी-ओल्ड' किंवा '.आरपीएमसेव्ह' फाइल सेवा निष्ठेने वाचील आणि बाजूला ठेवलेला मजकूर पुन्हा लागू होईल. दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या सुडोच्या पूरक डिरेक्टरीतही नावात टिंब असलेली किंवा '~' ने संपणारी फाइल याच कारणाने वगळली जाते.

चमूतील एका सहकाऱ्याचा आक्षेप मला वजनदार वाटला. आजवर '/ईटीसी' मधली फाइल उघडली की सगळ्या सेटिंग टिप्पण्यांसह समोर दिसत. आता तिथे रिकामी डिरेक्टरी दिसेल, मग नवख्याने सुरुवात कुठून करायची? उदाहरणाची फाइल '/यूएसआर/शेअर/डॉक' मध्ये ठेवणे पुरेसे नाही, कारण छोट्या कंटेनर प्रतिमांतून ती डिरेक्टरी अनेकदा वगळलेली असते. त्यामुळे '/यूएसआर/लिब' मधल्या फाइलमध्येच सविस्तर टिप्पण्या राहतील, '/ईटीसी' च्या डिरेक्टरीत तिचा पत्ता सांगणारी दोन ओळींची 'रीडमी' फाइल असेल, आणि सेवेला एक नवी कमांड मिळेल, जी प्रत्यक्ष लागू असलेले प्रत्येक मूल्य आणि ते कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आले हे छापील. ही कमांड नसेल तर थरांची रचना प्रशासकावर लादू नये, इतकी ती मला आवश्यक वाटते.

२४ फेब्रुवारी

आजचा विषय आधीपासून चालू असलेल्या यंत्रांचा, आणि या कामातला सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे. जुनी एकसंध फाइल नव्या पॅकेजमध्ये नसेल. पण डीपीकेजी अशी फाइल आपणहून पुसत नाही. ती 'कालबाह्य' अशा नोंदीसह डिस्कवर राहते. न बदललेली संपूर्ण फाइल तशीच राहिली तर तिच्यातली सगळी जुनी मूल्ये '/यूएसआर/लिब' मधल्या नव्या मूल्यांवर कायमची मात करत राहतील. म्हणजे न बदललेली फाइल गेली पाहिजे आणि बदललेली राहिली पाहिजे.

यासाठी 'डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर' या मदतनीस कमांडमध्ये कॉन्फफाइल काढण्याची सोय आहे, परंतु बदललेली फाइल ती '.डीपीकेजी-बॅक' नावाने बाजूला ठेवते. मजकूर वाचतो, पण लागू राहत नाही, आणि आमच्या नियमाचा तिसरा भाग इथेच मोडतो. त्यामुळे तिचीच पायरी थोडी बदलून स्वतः लिहिली: पॅकेज बसण्याआधी चालणाऱ्या प्रीइन्स्टमध्ये डिस्कवरील फाइलचा ठसा डीपीकेजीने नोंदवलेल्या ठशाशी ताडून पाहायचा, जुळला तर फाइलचे तात्पुरते नाव बदलायचे, आणि पोस्टइन्स्ट यशस्वी झाल्यावरच ती पुसायची. अपग्रेड मध्येच फसला तर अशा वेळी आणि पॅकेज काढल्यावर चालणारी पोस्टआरएम स्क्रिप्ट ती मूळ नावावर परत आणील, म्हणजे जुनी आवृत्ती विनाकॉन्फिगरेशन पडणार नाही. ठसा जुळला नाही तर फाइलला हात लावायचा नाही, आणि सेवा ती प्रशासकाच्या थरात, पूरक फाइलींच्या आधी वाचत राहील. स्क्रिप्टने फेरफार केलेल्या फाइलीही यात 'बदललेल्या' गणल्या जातील. त्या राहतील, आणि शंका असताना राखून ठेवणे हेच बरोबर.

आरपीएममध्ये पॅकेजमधून वगळलेली आणि न बदललेली फाइल पुसली जाते, तर बदललेली '.आरपीएमसेव्ह' होते. वर्गवारी हवी तशीच आहे. केवळ शेवटी, सगळी पॅकेजे बसल्यावर चालणाऱ्या 'पोस्टट्रान्स' मध्ये ती मूळ नावावर परत आणायची. मात्र आमच्या जुन्या खुणेमुळे अनेक यंत्रांवर मागच्या एखाद्या अपग्रेडची '.आरपीएमसेव्ह' आधीच पडलेली असणार. ती तशीच असताना 'पोस्टट्रान्स' चालले, तर केव्हाचा तरी मजकूर जिवंत होईल. म्हणून पॅकेज बसण्याआधीच्या 'प्री' टप्प्यातच जुनी '.आरपीएमसेव्ह' आणखी वेगळ्या नावाने बाजूला करायची.

२७ फेब्रुवारी

सेवेसोबत येणाऱ्या छोट्या क्लायंटच्या वैयक्तिक सेटिंग वापरकर्त्याच्या घर-डिरेक्टरीत असतात. त्यांचे स्वरूप बदलते आहे, तर पोस्टइन्स्टनेच सगळ्यांच्या डिरेक्टरींत फिरून त्या बदलाव्यात, अशी सूचना आली होती. ती नाकारली. इन्स्टॉलच्या क्षणी घर-डिरेक्टरी जोडलेली असेलच असे नाही. ती एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावर) असेल तर तिथे रूटला लिहिण्याचा अधिकारही बहुधा नसतो, वापरकर्त्यांची यादी एलडॅप या केंद्रीय सूचीतून येत असेल तर ती पूर्ण मिळत नाही, आणि एकच घर-डिरेक्टरी निरनिराळ्या आवृत्ती असलेल्या यंत्रांवर वापरली जात असू शकते. '/ईटीसी/स्केल' मधल्या नमुना फाइलींचा उपयोग नव्या खात्यांपुरताच होतो.

क्लायंट सुरू होताना स्वतःच जुनी फाइल वाचील, नवी घर-डिरेक्टरीतल्या 'डॉट-कॉन्फिग' खाली लिहील, आणि जुनी तशीच ठेवील, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या यंत्रावर त्याच वापरकर्त्याचे काम अडणार नाही. संपूर्ण यंत्रासाठी मूळ मूल्ये द्यायची असतील तर '/ईटीसी/एक्सडीजी' आहे.

४ मार्च

चाचण्या चालवल्या. कोरी स्थापना, न बदललेल्या फाइलीवरून अपग्रेड, बदललेल्या, पुसलेल्या आणि सिमलिंक केलेल्या फाइलीवरून अपग्रेड, मध्येच तोडलेला अपग्रेड, पॅकेज काढून पुन्हा घालणे, आणि पर्ज. डेबसाठी यातला बराच भाग चाचणी-साधन पिउपार्ट्स करतो. पर्जनंतर मागे राहिलेली फाइलही तो दाखवून देतो. पासवर्डची फाइल पॅकेजमध्ये नसल्याने डीपीकेजीला ती ठाऊकच नसते, म्हणून पर्जच्या वेळी ती पोस्टआरएमने पुसायची हे त्याच अहवालामुळे यादीत आले. आरपीएममध्ये पर्ज अशी पायरीच नाही. तिथे ती फाइल राहते, आणि मॅन पानात तसे लिहिले.

सिमलिंकच्या चाचणीत महत्त्वाचा दोष सापडला. ठसा तपासणाऱ्या पायरीत मूळ फाइलचा ठसा काढला जात होता, पण नाव बदलताना लिंकचे बदलत होते. आता फाइल सिमलिंक असेल तर ती बदललेलीच मानली जाते आणि तिच्याकडे जायचेच नाही.

आपोआप चालणाऱ्या अपग्रेडचीही खात्री केली. डेबियनचे फ्रंटएंड (प्रश्न दाखवणारा भाग) 'नॉन-इंटरॅक्टिव्ह' ठेवले की सगळे प्रश्न बंद होतात हा समज पसरलेला आहे; ते केवळ डेबकॉन्फला लागू होते. कॉन्फफाइलचा प्रश्न डीपीकेजीचा स्वतःचा आहे आणि त्याला 'फोर्स-कॉन्फडेफ' व 'फोर्स-कॉन्फओल्ड' हे पर्यायच द्यावे लागतात, नाहीतर इनपुट नसलेल्या ठिकाणी तो चूक दाखवून थांबतो. आमच्या पॅकेजमध्ये आता एकही कॉन्फफाइल अशी उरली नाही की जी पॅकेज आणि प्रशासक दोघेही बदलतील, त्यामुळे या पर्यायांविनाही सर्व अपग्रेड न थांबता पार पडले.

७ मार्च

प्रकाशनाची टिपणे लिहिली. त्यांत सर्वांत वर हे आहे की जुनी फाइल बदलली असेल तर ती यापुढेही वाचली जाईल, आणि लागू मूल्ये कोणत्या कमांडने पाहायची.

जुनी फाइल वाचणे केव्हा बंद करायचे, असा प्रश्न बैठकीत निघाला. बंद करण्याची तारीख ठरवली नाही. ती वाचणारा कोड छोटा आहे आणि तो ठेवल्याने कोणाचे नुकसान होत नाही. नाव बदललेल्या दोन सेटिंग जुन्या नावानेही स्वीकारल्या जातील, आणि तसे आढळल्यास फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक व नवे नाव लॉगमध्ये एकदा लिहिले जाईल. अनोळखी नाव आढळले तर सेवा थांबणार नाही, इशारा देऊन पुढे जाईल. अपवाद प्रवेशाच्या परवानग्यांशी संबंधित विभागाचा, कारण तिथे टंकलेखनात चुकलेली ओळ दुर्लक्षित राहिली तर दार उघडे राहू शकते. तिथे सेवा सुरूच होणार नाही आणि चुकलेली ओळ दाखवील. ती तपासणी सेवा पुन्हा सुरू करण्याआधी पोस्टइन्स्टमध्येही चालेल, म्हणजे चालू असलेली जुनी प्रक्रिया थांबवण्यापूर्वीच प्रशासकाला अडचण कळेल. हा शेवटचा तुकडा अजून लिहायचा आहे.